सोनबाचं नाक

देव प्रत्येकाला काहीतरी एक अंगचं देतोच. कुणाला गळा देतो, कुणाला हात, कुणाला नुसतीच जीभ. काटेवाडीच्या सोनबाला त्यानं नाक दिलं होतं. दिसायला काही फार नव्हतं, उलट जरा बसकंच. लग्नात त्याच्या बायकोच्या, लीलाबाईच्या, मावशीनं ते बघून तोंड वाकडं केलं होतं. पण काम असं करायचं, की शेजारच्या आळीत फोडणी कशाची बसली ते सोनबा आपल्या अंगणात बसून सांगायचा. म्हशीनं आज कडवळ खाल्लंय का मका, ते दुधाची चरवी नाकापुढनं नेली तरी त्याला कळायचं. लीलाबाई बायकांत सांगायची, ह्यांच्यापासनं काही लपवता येत नाही बाई, शेजारणीकडं दोन भजी खाऊन आले तरी धनी विचारतात, कांद्याची होती का बटाट्याची.

बारामतीच्या एमआयडीसीत छपाईचा कारखाना निघाला तेव्हा गावातली चार पोरं भरतीला गेली, त्यांत सोनबाही गेला. तिथं दुधाच्या, फरसाणाच्या, बियाण्यांच्या पिशव्यांचा प्लॅस्टिकचा कागद छापतात. शाई डब्यातनं येते ती घट्ट असते, काकवीसारखी. तिच्यात सॉल्व्हंट ओतून पातळ करायची, तेव्हा कुठं ती मशीनवर पळते. हे सॉल्व्हंट दिसायला पाण्यासारखं. हातावर घेतलं की हात गार पडतो आणि बघता बघता ते उडून जातं. उडून जातं म्हणजे कुठं जातं, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

सोनबाला त्यांनी शाई कालवायच्या खोलीत घातलं, आणि तिथं त्याच्या नाकाचं सोनं झालं. कुठल्या पिंपात काय आहे ते तो झाकण उघडल्याबरोबर सांगायचा. शाई मशीनवर नीट चालेल का फाटेल, तेही म्हणे त्याला वासावरनं कळायचं. एकदा रबरी नळी कुठंतरी भेगाळली होती आणि कुणाला दिसत नव्हती. सोनबा वाकून वाकून हुंगत गेला आणि नेमक्या भेगेवर बोट ठेवलं. त्या दिवसापासनं कारखान्यात एक रीत पडली. पाळी सुरू व्हायच्या आधी सोनबानं शाईच्या खोलीतनं आणि मशीनच्या कडेनं एक फेरी मारायची. फेरी झाली की मान हलवून म्हणायचं, "चालू द्या." मग बटण दाबायचं. देवळात गुरवानं घंटा हलवल्याशिवाय आरती सुरू होत नाही, तसं.

आणि पाळी संपली की गूळ.

हा गूळ लीलाबाईच्या माहेरचा. लासुर्ण्याला तिच्या भावाचं, भिमाचं, गुऱ्हाळ आहे. धूळ असो, धूर असो, नाहीतर कारखान्याचा वास. गुळाचा खडा तोंडात टाकला की सगळं घशातनं खाली धुऊन जातं, असं तिच्या आज्यानं सांगितलं होतं. आज्याचं म्हणणं तिच्या घरात कुणी मोडलं नव्हतं. लीलाबाई रोज डब्याबरोबर फडक्यात गूळ बांधून द्यायची. आधी नवऱ्यापुरता, मग खोलीतल्या माणसांपुरता, मग सगळ्या पाळीपुरता. हात धुवायच्या नळाशी माणसं रांगेनं उभी राहायची. सॉल्व्हंटनंच हात धुवायची, कारण साबणानं शाई निघत नाही, आणि मग एकेक खडा तोंडात टाकून घरी जायची. लीलाबाईला त्याचा केवढा अभिमान. ती म्हणायची, माझ्या माहेरच्या गुळावर कारखाना चाललाय.

भिमाचा मधला पोरगा गोकुळ शिकण्यात रमेना, तेव्हा लीलाबाईनंच शब्द टाकला आणि सोनबानं त्याला मशीनवर लावून घेतलं. आत्याच्या नवऱ्याला गोकुळ मामाच म्हणायचा. भिमाला तिनं सांगितलं होतं, काळजी करू नको, मामा आहेत तिथं, त्यांच्या नाकाखाली आहे पोरगा.

वर्षं गेली. मग एक दिवस कारखान्यात उत्कर्षा नावाची मुलगी आली. सुरक्षेचं बघायला नेमली होती तिला. बारामतीचीच, बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. आल्या आल्या तिनं सगळ्यांना जाड हातमोजे दिले, दोन्ही गालांवर दोन डब्या असलेले मास्क दिले, पिंपांना तांब्याच्या तारा लावून त्या जमिनीत नेल्या, म्हणजे ओतताना ठिणगी पडायची नाही. भिंतीवर खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक यंत्र बसवलं. वाफ वाढली की ते ओरडायचं. इतकं खाली का, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाली, ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरनं पाण्यासारखी पसरते.

सोनबानं घरी येऊन हे सगळं हसत हसत सांगितलं. त्या यंत्राला म्हणे खोलीतल्या माणसांनी टोपी घालून गप्प बसवलं होतं, कारण ते सारखंच ओरडत होतं.

लीलाबाईला त्या पोरीचा रागच आला. ती म्हणाली, "कालची पोरगी, आन् तुमास्नी वास शिकवती व्हय?"

"शिकवू दे की," सोनबा म्हणाला. "म्हनती, तात्या, गुळानं काय होत न्हाय. घशात जातं ते वायलं, छातीत जातं ते वायलं."

"तिच्या माहेरी गुऱ्हाळ नसंल," लीलाबाई म्हणाली, आणि विषय तिथं संपला.

मास्क सोनबानं घरी आणून खुंटीला अडकवला. तो लावला तर शाईचा वास कसा येणार, आणि वास आला नाही तर मग सोनबाचं काम काय उरलं, असं त्याचं म्हणणं. बरोबरच होतं म्हणा एका परीनं. आंधळ्या राखणदाराला पगार कोण देतं?

उन्हाळ्यात मसाल्याची वेळ आली. शेजारची छबूबाई आणि लीलाबाई दरवर्षी मिळून मिरच्या भाजतात. कढईतल्या मिरच्यांचा खकाणा उठला की आख्खी आळी शिंकते, कुत्रीसुद्धा पळून जातात. त्या दिवशी लीलाबाईला काय सुचलं कोण जाणे, तिनं खुंटीवरचा मास्क काढून तोंडावर चढवला. छबूबाई हसून हसून खाली बसली. म्हणाली, लीलाबाई, रानडुकरीण दिसायलीस, दादाला बोलवू का बघायला. लीलाबाईनं आतनंच काहीतरी उत्तर दिलं, ते कुणाला कळलं नाही. मग तिनं छबूबाईच्या हातावर गुळाचा मोठा खडा ठेवला आणि खुणेनं सांगितलं, हा तोंडात धर, तुला ठसका लागायचा नाही.

मिरच्या कढईत पडल्या. छबूबाईनं खडा तोंडात धरला होता, तरी ती अशी ठसकली की खडा उडून राखेत पडला. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, पदर तोंडाशी धरून ती रस्त्यापर्यंत पळाली. आणि लीलाबाई तिथंच चुलीपाशी उभी. डोळे चुरचुरत होते तेवढंच, पण घशात काही नाही, छातीत काही नाही. श्वास कसा देवघरातल्यासारखा शांत चालला होता.

छबूबाई बाहेरनं ओरडत होती, अगं हलव, मिरच्या करपतायत. पण लीलाबाईचा हात कढईत थांबला होता. ती राखेत पडलेल्या गुळाच्या खड्याकडं बघत राहिली. त्या वर्षीचा मसाला कडू झाला.

संध्याकाळी तिनं सोनबाला जेवायला वाढताना सांगितलं की उद्यापासनं मास्क लावा. सोनबा म्हणाला, मिरची वेगळी, शाई वेगळी. तिनं दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत मास्क घातला, तो तसाच परत आला. तिसऱ्या दिवशी तिनं गूळ दिला नाही. तर सोनबा दारातनं मागं फिरला, म्हणाला, माणसं वाट बघतात, लीले, हसं करू नगं माझं. तिनं गूळ बांधून दिला.

पण आता तिची नजर बदलली होती. आधी ज्या गोष्टी वयाच्या खात्यावर टाकल्या होत्या, त्या ती उचलून उचलून बघायला लागली. सोनबाचे हात पांढरे पडले होते, बोटांना भेगा, आणि चहाची बशी धरली की चहात बारीक लाटा उठायच्या. संध्याकाळी डोकं धरून बसायचा. बोलता बोलता शब्द हरवायचा. विळीला "ते कापायचं" म्हणायचा. आमटीला चव नाही म्हणून कुरकुर करायचा, आणि लीलाबाई बिचारी मसाला कडू झालाय म्हणून स्वतःलाच बोल लावून घ्यायची.

खरं काय ते कळलं लासुर्ण्यात. गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झाला म्हणून भिमानं दोघांना बोलावलं होतं. भिमाच्या घराला लागूनच गुऱ्हाळ, मध्ये एक भिंत. चुलवाणात चिपाडं धडाडत होती आणि काहिलीत रस उकळ्या मारत होता. रस गुळावर यायला लागला की जो वास सुटतो, तो सांगून कळायचा नाही. एसटीतली माणसं खिडकीतनं माना बाहेर काढतात. गोठ्यातली वासरं ओरडतात. त्या दिवशी ओट्यावर चहा आला, तर चहाऐवजी गूळच पितोय असं वाटत होतं.

सोनबा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. त्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "काहील आजून चढवली न्हाय काय, भिमा?"

भिमाला वाटलं, दाजींनी चेष्टा केली. तो मांडीवर थाप मारून हसला. सोनबानं त्याच्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं, आणि मग तोही हसला. पण लीलाबाईनं ते मधलं बघणं बघितलं होतं. रस्ता चुकलेल्या माणसाला दुसरा कुणी हसला की तो जसा बघतो, तसं.

परत येताना मोटरसायकलवरनं भवानीनगर मागं पडलं. मग सोनबानं गाडी एका पाटाच्या कडेला थांबवली आणि मागं न बघता म्हणाला, "कुनाला सांगू नगंस."

"कवापास्नं न्हाय येत?"

"थोडं थोडं गेलं. म्या म्हनलं, सर्दी असंल."

"अवो, पर मग तितं रोज कसं करता? फेरी मारता ती?"

सोनबा पाटाच्या पाण्याकडं बघत म्हणाला, सवयीनं होतं. इतकी वर्षं मारलीय फेरी. आणि सांगितलं, तर नाक नसलेल्या सोनबाला कोण ठेवून घेणार? गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवतील. लीलाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिनं वचन दिलं नाही, पण नाहीही म्हणाली नाही, आणि सोनबानं ते वचनच धरलं.

असं किती दिवस गेलं असतं कुणास ठाऊक. बायकोची जात नवऱ्याचं झाकण्यात हुशार असते. सोनबाच्या आधी लीलाबाईच आता हुंगायला लागली. दूध नासलंय, भाकरी करपली, म्हशीच्या गोठ्यात काहीतरी मेलंय, ती हळूच सांगायची आणि तो मोठ्यानं म्हणायचा. छबूबाई म्हणायची, दादाचं नाक अजून तसंच हाय बाई.

मग ती दिवेलागण आली. लीलाबाई डेअरीत दूध घालून परत आली, तर अंगणातच तिचा पाय अडखळला. गॅसचा वास. दार पुढं केलेलं. तिनं ते ढकललं तर वास अंगावरच आला, जसं कुणी ओलं पोतं तोंडावर टाकावं. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण तसंच चालू होतं. आणि सोनबा देवापुढं मांडी घालून बसला होता. वात तेलात भिजवून ठेवलेली. हातात काड्याची पेटी, आणि पेटीतनं काढलेली काडी.

ती ओरडली नाही. ओरडली तर तो दचकून काडी ओढील, एवढं तिला त्या क्षणीसुद्धा कळलं. ती चार ढांगांत गेली, त्याच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले आणि पेटी काढून घेतली. मग बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्याला हाताला धरून बाहेर पडवीत आणून बसवलं. सोनबा म्हणत होता, काय झालं, दिवा लावायचा राहिला, काय झालं.

लीलाबाईनं त्याला सांगितलं काय झालं ते. त्यानं दोन्ही हात काखेत घातले, थंडी वाजल्यासारखे.

त्या वेळी लीलाबाईच्या मनात नवरा नव्हता. तिच्या डोळ्यांपुढं गोकुळ होता. मशीनजवळ उभा, हात बटणावर, आणि नजर सोनबावर. मामा कधी म्हणतायत 'चालू द्या'. कडेला सॉल्व्हंटची पिंपं रांगेनं उभी, भिंतीवरच्या यंत्राला टोपी, आणि सगळी पाळी एका अशा नाकाच्या भरवशावर, ज्याला आपल्या घरातला गॅस कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सोनबाची दुपारची पाळी होती. लीलाबाईनं त्याच्याआधीच सकाळची एसटी धरली आणि कारखान्याच्या गेटवर जाऊन उत्कर्षाबाईंना भेटायचं म्हणून सांगितलं. उत्कर्षा बाहेर आली. लीलाबाईनं मनात खूप शब्द जुळवून आणले होते, सुरुवात कुठनं करायची, धन्याचा मान कसा राखायचा. त्यातलं एकही आठवलं नाही. ती म्हणाली, "बाई, आमच्या मालकांस्नी वास येत न्हाय. त्यांचं 'चालू द्या' कुनी ऐकू नगा."

उत्कर्षानं लीलाबाईला झाडाखालच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि हळूहळू सगळं विचारून घेतलं. हात कधीपासून कापतात, शब्द कधीपासून विसरतात. लीलाबाईनं शेवटी जे तिला खात होतं ते विचारलं. गुळानं काहीच झालं नाही का, थोडंसुद्धा?

"गूळ गोडच असतो, काकू," ती पोरगी म्हणाली. "पण तात्या मास्क लावायचे नाहीत, ते गूळ होता म्हणून."

हे ती टोचून बोलली नव्हती. टोचून बोलली असती तर लीलाबाईला उत्तर देता आलं असतं.

त्या दुपारी सोनबाला शाईच्या खोलीच्या दारातच थांबवलं. यंत्राची टोपी निघाली. उत्कर्षानं सगळ्यांपुढं यंत्रावरचा आकडा वाचून दाखवला, पंखे चालवले, आकडा खाली येईपर्यंत कुणाला बटणाला हात लावू दिला नाही. गोकुळ नंतर सांगत होता, मामा दारात उभे होते आत्या, आणि फेरी मारायची वेळ झाली तेव्हा त्यांचे पाय जागच्या जागी हलत होते.

कारखान्यानं सोनबाला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, वाफेपासून दूर ठेवा. आहे तेवढं राहील. डोकेदुखी कमी होईल, हात कदाचित थोडे सुधारतील. गेलेला वास परत येईल असं काही सांगता येत नाही. आणि वाफेची सवय झाली की चांगल्या नाकालाही ती कळेनाशी होते, वास आला नाही म्हणजे वाफ नाही असं धरूच नये, असंही ते म्हणाले. लीलाबाईला वाटलं, हे एवढं एक वाक्य वीस-पंचवीस वर्षं आधी कुणी गळ्यात बांधलं असतं तर. मग तिला आठवलं, उत्कर्षानं गुळाचं सांगितलं होतं की. तेव्हा आपणच ते उडवून लावलं होतं.

सोनबाला रिकाम्या रिळांच्या गोदामात बसवलं. पगार तोच. पण लीलाबाईशी तो बोलायचा बंद झाला. रागावून भांडला असता तरी चाललं असतं. तो नुसता ताट पुढं ओढायचा आणि खाली मान घालून जेवायचा. सकाळी ती सवयीनं गूळ बांधायला जायची आणि फडकं हातात धरून उभी राहायची. गोकुळ आता घरी येतानासुद्धा मास्क पिशवीत घालून आणायचा आणि तिला दाखवायचा, आत्या, हे बघ, डबी नवीन घातली. तिला बरं वाटायचं, आणि रडूही यायचं.

मग एका सकाळी सोनबा म्हणाला, "लीले, आज कालवण चांगलं झालंय." ती चमकून बघायला लागली. त्याच्या तोंडावर राग नव्हता. रुसवाही नव्हता. तो कशावरनं रुसला होता तेच हरवून गेलं होतं, विळीच्या नावासारखं. माणूस माफ करतो ते बरं, का विसरतो ते बरं, याचं उत्तर लीलाबाईला अजून सापडलेलं नाही.

पुढच्या हंगामात ती त्याला घेऊन लासुर्ण्याला गेली. गोकुळ गाडी चालवत होता. घरी पोचले तर भिमा नव्हता. चरकाचा कसलासा भाग मोडला म्हणून तो आणायला बारामतीला गेला होता. गुऱ्हाळ परवापासनं बंद. भिमाची बायको म्हणाली, आज तुमाला ताजा गूळ न्हाय मिळायचा, वन्सं. लीलाबाई पाय मोकळे करायला भिंतीपलीकडं जाऊन आली. काहील पालथी घातलेली. चुलवाणाच्या तोंडाशी गार राखेत एक कुत्रं वेटोळं करून झोपलं होतं.

ती परत आली तेव्हा सोनबा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, मागच्या जागेवरच. तिला बघून त्यानं मान वर केली, डोळे मिटले आणि पूर्वी पाळीच्या आधी घ्यायचा तसा लांब श्वास घेतला.

"काय वास सुटलाय गं," तो म्हणाला. "भिमाच्या हाताला चव हाय."

गोकुळ काहीतरी बोलणार होता. लीलाबाईनं त्याच्या दंडाला हात लावला. सोनबानं हे तिच्यासाठी म्हटलं का त्याला खरंच तसं वाटलं, ते तिनं विचारलं नाही. ती त्याच्या शेजारी बसली.

"व्हय," ती म्हणाली. "लई सुटलाय."

मग तिनं कमरेच्या पिशवीतनं जुन्या गुळाचा खडा काढला आणि त्याच्या कापऱ्या हातावर ठेवला. त्यानं तो तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिला.